न वाचलेल्या पानावर सही

ऑनलाइन ज्ञानकोशाच्या मुखपृष्ठावर ‘आपणास माहीत आहे का?’ या चौकटीत परवा जे वाक्य झळकलं, ते तपासून पुढे पाठवणारा तू होतास, हे तूच मला सांगितलंस. शाबासकी मिळेल या आशेने सांगितलंस, ते माझ्या लक्षात आलं. शाबासकी मिळणार नाही. मुंबई-पुण्यात बसलेल्या कुणी ते वाक्य पास केलं असतं, तर मला वाईट वाटलं असतं. तू किहीमला वाढलास, माझ्या वर्गात इतिहास शिकलास, आणि आपल्या गावाचं नाव आडनावात बाळगणाऱ्या इतिहासकाराबद्दलचं धडधडीत चुकीचं वाक्य तुझ्या हातून पुढे गेलं. म्हणून मला राग आला आहे.

बेने इस्रायलांबद्दलचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंबद्दलचं, ते वाक्य काय होतं? ‘किहीमचे हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1937 साली बेने इस्रायलांचा इतिहास लिहून, त्यांचे पूर्वज इसवी सनापूर्वी 175 मध्ये किहीमच्या किनाऱ्यावर उतरल्याचे सिद्ध केले.’ तू खाली लिहिलंस, ‘रंजक आहे, संदर्भ आहे, मान्य.’

अरे, केहिमकरांचा जन्म 1830 चा. मग 1937 साली त्यांचं वय काय? एकशे सात. एकशे सातव्या वर्षी माणूस असा ग्रंथ लिहितो का, एवढा प्रश्न तुझ्या मनात यायला नको होता? वजाबाकी तर तुला येते ना? हस्तलिखित 1897 मध्ये तयार झालं होतं. ते छापलं गेलं चाळीस वर्षांनी, तेल अवीवमध्ये, इमॅन्युएल ओल्सव्हँगर यांच्या संपादनाखाली. तोवर केहिमकर हयात नव्हते. ‘साल थोडं इकडेतिकडे झालं’ असं म्हणू नकोस. 1897 चा माणूस ज्यांना विचारत होता, ती म्हातारी माणसं रेल्वे येण्यापूर्वीचं कोकण पाहिलेली होती. तो ग्रंथ 1937 चा ठरवलास की ती साक्षच पुसली जाते. वाचणाऱ्याला वाटतं, हे विसाव्या शतकात, पॅलेस्टाइनकडे डोळे लावून कुणीतरी लिहिलं. लिहिण्याचं साल आणि छापण्याचं साल वेगळं असतं, हे मी तुम्हांला आठवीत शिकवलं होतं.

‘सिद्ध केले’ हे तर त्याहून वाईट. 175 हे साल कुठून आलं, हे तू शोधलंस का? त्या साली अँटायोकस एपिफानीस सीरियाच्या गादीवर बसला आणि पुढे त्याने ज्यूंचा छळ मांडला. त्या छळानंतर, इसवी सनापूर्वी 164 च्या सुमारास, जेरुसलेमचं मंदिर पुन्हा शुद्ध केलं गेलं आणि हनुका हा सण सुरू झाला. कोकणातल्या बेने इस्रायलांना जुन्या काळी हनुका ठाऊक नव्हता. मग त्यांचे पूर्वज त्याआधीच निघाले असणार, असा हा तर्क. तर्क सुंदर आहे, मला आवडतो. पण तो तर्क आहे, पुरावा नव्हे. ज्या जहाजातून ते आले आणि जे किनाऱ्यापाशी फुटलं असं परंपरा सांगते, त्या जहाजाचा शिलालेख नाही, ताम्रपट नाही. 2016 मध्ये जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बेने इस्रायलांमध्ये ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा मोठा वाटा दिसला आणि ते मिश्रण साधारण 19 ते 33 पिढ्यांपूर्वीचं निघालं. जहाज कोणत्या साली फुटलं, हे त्यानेही ठरत नाही. ‘केहिमकरांचे मत होते’ एवढे तीन शब्द लिहिले असते तर वाक्य खरं झालं असतं. इतिहासकाराने मांडलेला अंदाज त्याच्या तोंडी निकाल म्हणून घालणं हा त्याचा सन्मान नव्हे. त्याच्या नावावर तू खोटं खपवलंस.

आणि किनारा! सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि बुडालेल्यांना पुरलं, ती जागा परंपरेने नवगावची. नवगाव तुला माहीत नाही? थळकडे जाताना शाळेच्या दिवसांत सायकलवरून किती वेळा गेला असशील तिथून. तिथली ती दफनाची जागा आजही लोक येऊन पाहतात. किहीम आपलं म्हणून जहाज किहीमला लावायचं, असं नाही चालत. गावाचा अभिमान असावा, पण तो शेजारच्या गावाच्या थडग्यांवर हक्क सांगून नव्हे.

केहिमकर या आडनावावरून ‘किहीमचे’ म्हणणं हीसुद्धा घाईच. बेने इस्रायलांनी कोकणातल्या गावांवरून आडनावं घेतली: दिवेआगरचे दिवेकर, पेणचे पेणकर. घराणं कुठलं ते आडनाव सांगतं, माणूस कुठे जन्मला ते सांगत नाही. केहिमकरांचं काम पाहायचं तर मुंबईत पाहावं लागतं. 1875 मध्ये तिथे त्यांनी आपल्या समाजातल्या मुलांसाठी शाळा उभी केली. त्या वाक्यात शाळेचा उल्लेखही नाही. ते वाक्य ज्या लेखातून घेतलं, त्यात प्रेषित एलियाच्या खंडाळ्याचा दुवा तू तसाच राहू दिलास, तो पुण्याच्या वाटेवरच्या घाटातल्या खंडाळ्याला जोडलेला. ते खंडाळे आपल्या अलिबाग तालुक्यातलं. अलिबागच्या मुलाने हे पाहिलं नाही, तर कोणी पाहायचं?

संदर्भ मी स्वतः उघडून पाहिला. एका पर्यटनाच्या संकेतस्थळाचा. त्यातला परिच्छेद शब्दशः ज्ञानकोशाच्याच जुन्या लेखातून उचललेला. म्हणजे ज्ञानकोश स्वतःलाच साक्षीदार म्हणून उभा करतो आणि तू त्याखाली मान्यतेची खूण करतोस. तपासनीस म्हणजे पंच. पंचनाम्यावर सही करणाऱ्याने जागेवर जायचं असतं, वस्तू डोळ्यांनी पाहायची असते. घरी बसून सही करणारा पंच कोर्टात उभा राहिला तर काय होतं, ते तुला ठाऊक आहे. हाताशी फोन आहे म्हणून पुस्तक उघडायचं काम संपत नाही.

मला सगळ्यात जास्त काय लागलं, ते ऐक. त्याच चौकटीसाठी कुणीतरी दुसरं वाक्य सुचवलं होतं: जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक करणारा उपास बेने इस्रायल ‘बिरड्याचा रोजा’ म्हणून पाळत आणि तो बिरडं खाऊन सोडत. केहिमकरांनी हे नोंदवलेलं. तू त्याखाली लिहिलंस, ‘फारसे रंजक नाही.’ अरे, दोन हजार वर्षांपूर्वी जळालेल्या मंदिराचं दुःख आपल्या वालाच्या बिरड्यावर येऊन थांबतं, आणि हे रंजक नाही? तुझी आजी श्रावणात जे बिरडं करायची, तेच. दारं लावून घरात बसायचा दारफळणीचा सण, खिरीचा सण, हे सगळं त्या माणसाने लिहून ठेवलं नसतं तर गेलं असतं. 1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, ते बेने इस्रायल ज्या गावांत होते, त्या गावांत चूक दुरुस्त करायला आता त्यांचं जवळजवळ कुणी उरलेलं नाही. चूक छापली की ती तशीच राहते. पुढच्या महिन्यात याच शाळेतली पोरं प्रकल्पाच्या वहीत 1937 आणि किहीमचा किनारा लिहून माझ्यासमोर आणतील आणि मी लाल शाई चालवली की म्हणतील, ‘बाई, ज्ञानकोशात आहे.’

‘एवढंसं वाक्य, दिवसभर तर होतं,’ असं तू मघाशी म्हणालास. लेख मोठा असतो, त्यात माणूस मागेपुढे वाचतो, शंका घेतो. चौकटीतलं एक वाक्य लोक चालता चालता वाचतात आणि तेवढंच डोक्यात घेऊन जातात. म्हणून ते लेखापेक्षा जास्त कसून तपासायचं असतं.

आज संध्याकाळपर्यंत तुझी मान्यता मागे घेतल्याची नोंद लिही. ‘अनवधानाने’ हा शब्द वापरायचा नाही. कोणतं साल चुकलं, कोणतं गाव चुकलं, कोणतं मत निकाल म्हणून गेलं, ते सरळ लिही. खंडाळ्याचा दुवा आधी बदल. ज्याने बिरड्याचं वाक्य सुचवलं होतं, त्याला तू स्वतः लिही की नाकारताना मी वाचलं नव्हतं. आणि रविवारी मुंबईला जा, ग्रंथालयात केहिमकरांचं पुस्तक मागव, बिरड्याच्या रोज्याचं पान काढ आणि त्या पानाचा क्रमांक टिपून माझ्याकडे आण.