कूर्माचे अंग आणि आपले हात



देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. त्याला नमस्कार करूनच आपण पुढे सरकतो. ते तेथे कशासाठी? आत जाण्यापूर्वी इंद्रिये आवरा, हे सांगण्यासाठी. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ५८ व्या श्लोकात भगवंतांनी स्थितप्रज्ञाला हीच उपमा दिली आहे. कासव जसे आपले अवयव चहूंकडून आत घेते, तसा तो इंद्रियांना विषयांपासून आवरतो. कासवी नुसत्या नजरेने पिले वाढविते, हाही संतांचा आवडता दृष्टान्त. पण तो पुन्हा केव्हातरी. आज हातापायांचेच पाहू.

यंदा सुटीच्या दिवसांत कीर्तनानिमित्त आमचा मुक्काम पालघर जिल्ह्यात डहाणूस पडला. महालक्ष्मीचे दर्शन झाले, चिकूच्या वाड्या पाहून झाल्या, तेव्हा यजमानांच्या मुलाबाळांनी आम्हांस पारनाक्यावरील कासवांच्या शुश्रूषाकेंद्रात नेले. वनविभाग आणि वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन अँड अ‍ॅनिमल वेल्फेअर असोसिएशन ही संस्था मिळून हे कार्य करतात. डहाणूपासून बोर्डीपर्यंत, आणि पुढे तलासरी तालुक्यातील झाईपर्यंत, विशेषेकरून पावसाळ्यात जखमी कासवे किनाऱ्याला लागतात. त्यांना टाक्यांत ठेवून औषधपाणी करायचे आणि बरी झाली की समुद्रात सोडायची, अशी ही सेवा.

एका टाकीत पुढचा पाय तुटलेले कासव होते. यजमानांची धाकटी नात आम्हांस म्हणाली, "महाराज, काल तुम्हीच सांगितलंत ना, कासव पाय आत ओढून घेतं म्हणून? मग यानं का नाही घेतला?"

प्रश्न पोरीचा खरा, पण शास्त्र्यालाही विचारात पाडील असा! उत्तर तेथील सेवकाने दिले. जमिनीवरचे कासव डोके-पाय कवचात घेते. समुद्रातील कासवाला ते घेताच येत नाहीत. पोहण्यासाठी त्याचे पाय वल्ह्यांसारखे झालेले असतात. समुद्रात सुटलेले नायलॉनचे जाळे त्या पायाला गुंडाळते. कासव जसजसे हिसके देते तसतसा फास आवळतो, रक्त अडते, पाय सडून गळतो. शिवाय कासव फुप्फुसांनी श्वास घेते. जाळ्यात गुंतून वर येता आले नाही, तर पाण्यातला हा जीव पाण्यातच गुदमरतो.

मग दृष्टान्त खोटा पडला काय? छे, छे! दृष्टान्त एकदेशी असतो, हे आपण जाणतोच. उलट येथे त्याचा पुढचा अर्थ उघडला. ज्याला आपले अंग आवरता येत नाही, त्याच्यासाठी ज्याला येते त्याने आवरावे. समुद्रकासवाला ती शक्ती नाही, माणसाला आहे.

हे ऐकून एखादा माळकरी म्हणेल, "आम्ही मासे खात नाही. जाळी कोळ्यांची, पाप त्यांचे." बाबा रे, जरा थांब! कोळ्याचे जाळे म्हणजे त्याचे पोट आहे. कासव सोडविण्यासाठी तेच जाळे स्वतःच्या हाताने कापणारे कोळी याच किनाऱ्यावर आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने समुद्रकासवांना संरक्षण आहे. डिसेंबर २०१८ पासून राज्य शासनाने अशा कापलेल्या जाळ्यापोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजनाही केली. पण जाळे कापले जाते त्या क्षणी रुपये कुठे हातात असतात? त्या वेळी असते ती फक्त दया. डोळे मिटून बसणाऱ्यापेक्षा त्याचा निग्रह आम्हांस मोठा वाटतो.

आणि आपले हात तरी कोरडे आहेत काय? वारीत आपण चंद्रभागेच्या वाळवंटात प्लास्टिकच्या पिशव्या, सुतळ्या, द्रोण टाकून येतो. चंद्रभागा म्हणजेच भीमा. ती कृष्णेला मिळते आणि कृष्णा पूर्वसमुद्राला. कासवे त्या समुद्रातही आहेत. पंढरीत टाकलेली पिशवी कोणाच्या नरड्यात जाईल, ते सांगता येत नाही. मुखाने "जीव तो शिव" म्हणायचे आणि हाताने जीवाला फास लावायचा, हे कुठले भजन?

तेव्हा करायचे एवढेच. सुटीत समुद्रावर जाल तर नेलेली वस्तू परत आणा. वारीला जाल तर आपला कचरा आपल्याच पडशीत ठेवा. फाटके जाळे पाण्यात न टाकता किनाऱ्यावर आणा. किनाऱ्याला लागलेले थकले-भागले कासव दिसले, तर त्याला उचलून पाण्यात लोटू नका; ते दुबळे असते, बुडून मरेल. वनखात्यास कळवा आणि माणसे येईतो कुत्री-पोरे दूर ठेवा.

पुढल्या वेळी गाभाऱ्यासमोरच्या कासवाला हात लावाल, तेव्हा मनाला विचारा: माझे कोणते अंग आज कोणासाठी आवरले? त्याचे उत्तर देता आले, की पांडुरंगाचे दर्शन सुखाने घ्यावे.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!