पहिलं पान

एक बाई होती. मूळची सांगलीकडची. नवऱ्याच्या नोकरीपायी ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटन शहरात राहायला आली. एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या घरांच्या ओळीत तिचं घर होतं. माडीवरच्या खिडकीतून समुद्राचा चतकोर तुकडा दिसे, आणि छपरावर दिवसभर सीगल भांडत.

येताना सामानाला वजनाची मर्यादा होती. पुस्तकं पाचच आणता आली. पत्र्याचा एक डबा मात्र तिने विमानात मांडीवर धरून आणला. डबा बिस्किटांचा होता, पण त्यात बिस्किटं नव्हती. आईच्या इरकली साडीचा काठ होता. खणाचे तुकडे होते. जुन्या शेल्यातून उसवलेली जर होती, लग्नपत्रिकांवरचे उठावाचे सोनेरी गणपती होते, आणि शाळेत असताना पुस्तकात ठेवून जाळी पाडलेलं पिंपळाचं पान होतं.

तिला दोन नाद होते, आणि दोन्ही वडिलांकडून आलेले. वडील गावच्या वाचनालयातून पुस्तकं आणून वाचत आणि रविवारी कात्रणं वहीत चिकटवत. मैदा शिजवून खळ करत. कीड लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकत. म्हणत, "वाचलेलं डोक्यात राहत नाही गं. कुठेतरी चिकटवून ठेवावं लागतं."

तिनेही ठरवलं होतं, वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाचं एक पान करायचं. त्यासाठी जाडजूड कोरी वही आणली. मग रंगीत कागद आणले, नक्षीच्या चिकटपट्ट्या आणल्या, नागमोडी कापणाऱ्या कात्र्या आणल्या. डब्याशेजारी दुसरा डबा आला.

पुस्तकं वाचून होत. ती वही उघडून बसे, काठावरून हात फिरवी, आणि मनात येई, पुस्तक बरं होतं, पण आईच्या काठाच्या तोलाचं नव्हतं. शिवाय पहिलंच पान बिघडलं तर? वही बंद होई. डब्याचं झाकण लागे. अशी पाच वर्षं गेली.

शेजारच्या घरात एक म्हातारी एकटी राहत होती. तिथल्या रीतीप्रमाणे सगळे तिला नावाने हाक मारत. हिची जीभ काही वळेना. ही तिला "आजी" म्हणू लागली. म्हातारीनेही त्या शब्दाचा अर्थ विचारून घेतला आणि त्याला ओ देऊ लागली.

आजींनी तरुणपणी पुस्तकबांधणीचं काम केलं होतं. आता त्यांच्या नजरेच्या मधोमध धुरकट डाग पडला होता. कडेचं दिसे, समोरचं दिसत नसे. चहाच्या किटलीची मूठ दिसे, पण किटली धरणाऱ्याचा चेहरा दिसत नसे. डोळ्यांचा हा विकार म्हातारपणी येतो, आणि ब्रिटनमध्ये त्यापायीच सर्वांत जास्त लोकांची दृष्टी जाते. आजींची पुस्तकं चार भिंतींना लागून उभी होती. त्यांतलं एकही त्यांना वाचता येत नव्हतं.

"ध्वनिमुद्रित पुस्तकं मिळतात ना?" हिने विचारलं.

"मिळतात. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी तो विचार सुरू झाला, आणि १९३५ साली तबकड्यांवरची पहिली पुस्तकं घरोघरी गेली. मी ऐकतेही," आजी म्हणाल्या. "पण ऐकून संपलं की हातात काही उरत नाही. मी बांधणीवाली बाई. मला पुस्तक हाताला लागावं लागतं."

ती दर बुधवारी आजींकडे जाऊन वाचू लागली. आपले उच्चार आजींना कळतील की नाही, याची तिला आधी धास्ती वाटे. आजी म्हणाल्या, "तू सावकाश वाचतेस, ते बरं आहे. घाईत वाचणारे गोष्ट सांडतात."

एका बुधवारी पाऊस लागून राहिला होता. आजींनी कपाटातून एक जुना अल्बम काढला. त्यांच्या आजीचा. राणी व्हिक्टोरियाच्या काळात रंगीत छापलेली, कडेने कापलेली, उठावाची चित्रं दुकानात तावाने विकत मिळत. फुलं, देवदूत, मांजरं. त्यांना स्क्रॅप म्हणत आणि ती चिकटवायच्या वहीला स्क्रॅपबुक. आजींनी पान उलटलं आणि बोटं टेकवली. बोटं हळूहळू गोल फिरली, मधेच थांबली, परत फिरली.

"गुलाब," त्या म्हणाल्या. "खालची डावीकडची पाकळी दुमडलेली आहे. मी सहा वर्षांची असताना दुमडली. मार खाल्ला होता."

ती पाहत राहिली. पाकळी खरंच दुमडलेली होती.

त्या रात्री तिने डबा उघडला. लग्नपत्रिकेवरचा गणपती घेतला, डोळे मिटले आणि बोट फिरवलं. सोंड लागली. मोदक लागला. मग तिने खण हातात घेतला, काठ घेतला, जर घेतली. पाच वर्षं ज्या वस्तू ती डोळ्यांनी बघत आली होती, त्या तिने पहिल्यांदा हाताने वाचल्या. जरीची घडी उलगडली तेव्हा दिसलं, घडीवरची जर काळी पडली होती. पिंपळपान उचलायला गेली तर त्याचं टोक डब्याच्या तळाशीच राहिलं.

बुधवारी ती डबा आणि कोरी वही घेऊनच गेली.

"वाचू त्या पुस्तकाचं पान करू," ती म्हणाली. "डोळ्यांसाठी नाही, बोटांसाठी."

आजींनी वही हातात घेऊन कण्याजवळ दाबून पाहिली. "ही चालणार नाही. जाड वस्तू चिकटवल्यास की वही तोंड वासेल. पानापानाला कण्याशी जाड कागदाची पट्टी शिवू, म्हणजे आतल्या वस्तूंना जागा राहील." मग म्हणाल्या, "आणि डिंक विकतचा नको. मी सांगते तसं पीठ शिजव."

"मैदाच ना?" तिने विचारलं. "त्यात मोरचूद घालायचा का?"

आजी हसल्या. समुद्राच्या दोन टोकांना खळ एकच होती.

आजी शिकवत गेल्या, ती करत गेली. कागदाला उभं-आडवं असतं. वाकवून पाहावं, ज्या बाजूने सहज वाकतो ती त्याच्या धाग्यांची दिशा. खळ लागली की कागद धाग्यांना आडवा फुगतो, म्हणून दोन कागदांची दिशा जुळवून घ्यावी. चिकटवून झालं की वजनाखाली ठेवावं आणि सकाळपर्यंत उघडून पाहू नये. हे शेवटचं तिला सगळ्यांत जड गेलं.

पहिलं पुस्तक आजींनी निवडलं, शार्लट ब्रॉण्टेचं 'जेन आयर'. चॅरिटीच्या दुकानात तिला त्याची जुनी सचित्र प्रत मिळाली. तिने कात्री उचलली. तो आवाज ऐकताच आजींनी तिचा हात धरला.

"पुस्तकाला कात्री लावायची नाही. १७६९ साली जेम्स ग्रेंजर नावाच्या पाद्र्याने इंग्लंडमधल्या नामांकितांच्या चरित्रांचा ग्रंथ छापला. त्यातल्या माणसांची चित्रं मिळवून ग्रंथात लावायचं लोकांना वेड लागलं. पुढे त्या वेडाला त्याचंच नाव पडलं. एक पुस्तक सजवण्यासाठी दहा पुस्तकं आंधळी केली लोकांनी."

मग चित्रं नकोत असं ठरलं. गोष्टीतल्या लाल खोलीसाठी लाल खण लागला. लग्नाच्या दोन रात्री आधी फाडलेल्या ओढणीसाठी तिने शेल्याची जाळीदार किनार काढली. ती फाडायची होती. हात थांबला. आजी काही बोलल्या नाहीत. पाऊस ऐकत बसल्या. तिने किनार मधोमध फाडली.

जळालेल्या वाड्यासाठी खरकागद लावला. खळ जास्त झाली, बाजूने बाहेर आली, आणि पान सुकल्यावर एका कोपऱ्यात सुरकुतलं. पहिलंच पान बिघडलं. पुढच्या बुधवारी आजींनी त्यावर बोटं फिरवली. सुरकुतीपाशी त्या जरा जास्त वेळ थांबल्या.

"आणि हे काय आहे?"

"ती माझी चूक."

"राहू दे. पान कुठलं ते मला ह्यावरूनच कळेल."

पुस्तकांची नावं कशी लिहायची हा प्रश्न होता. ब्रेलचे बारीक ठिपके आजींच्या थकलेल्या बोटांना उमगत नव्हते. जुबिली लायब्ररीत तिने चौकशी केली, तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी तिला एक गोष्ट सांगितली. ती याच गावची होती. विल्यम मून नावाचा तरुण विशीच्या उंबरठ्यावर पूर्ण आंधळा झाला आणि ब्रायटनमध्ये आंधळ्या मुलांना शिकवू लागला. त्या वेळच्या उठावाच्या लिपी मुलांना जड जात. १८४५ साली त्याने नवी लिपी केली. अक्षरं रोमनच, पण सोपी करून घेतलेली. ए हे अक्षर घ्या, त्याची मधली आडवी दांडी गाळली की झालं. ओळींचीही एक युक्ती होती. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे आणि दुसरी उजवीकडून डावीकडे, शेतात नांगर वळतो तशी. बोट उचलायला नको आणि ओळ चुकायला नको. उतारवयात डोळे गेलेल्यांना ही लिपी सोपी गेली.

ती घरी आली आणि जाड दोऱ्याची अक्षरं वळू लागली.

पानं वाढत गेली. जोसेफ कॉनरॅडच्या 'टायफून'चं पान झालं. १९३५ साली घरोघरी गेलेल्या पहिल्या बोलक्या पुस्तकांत ते होतं. त्या पानावर पिळलेली लोकर आणि किनाऱ्यावरची भरड वाळू होती. गोष्टी ऐकता ऐकता आजींनी एकदा विचारलं, "तुझ्या भाषेतलं काही नाही का?"

तिने 'श्यामची आई' काढलं. साने गुरुजींचं हे पुस्तकही १९३५ सालचंच. ती मराठी वाक्य मनात वाचे आणि इंग्रजीत सांगे. अंघोळीनंतर तळपाय मळू नयेत म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई दगडावर आपले ओचे पसरते, तिथे ती अडखळली. आजींनी वाट पाहिली. पायाला जपतोस तसं मनालाही जप, अशा अर्थाचं आईचं बोलणं तिने कसंबसं इंग्रजीत आणलं.

त्या पानावर काय लावायचं, हे दोघींनाही ठाऊक होतं. तिने इरकली काठ काढला आणि हवा तेवढा कापला. आजींची बोटं काठाच्या वेलबुट्टीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, आणि परत आली.

"हा तुझ्या आईचा आहे," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं.

दोन हिवाळे गेले. वहीत सतरा पुस्तकं झाली. डबा रिकामा झाला. मग आजींना एकटीने राहणं जमेना, आणि त्यांची मुलगी त्यांना स्कॉटलंडला घेऊन गेली. जाताना त्या दिवशी वही कोणाची, असा प्रश्न निघालाच नाही. तिने ती कापडात गुंडाळून आजींच्या मांडीवर ठेवली.

घरी येऊन तिने डब्याचं झाकण उघडलं. तळाला पिंपळपानाचं तेवढं टोक होतं. तिला वाटलं होतं, वाईट वाटेल. ती खुर्चीत बसली आणि आठवू लागली. लाल खोली आठवली, वादळ आठवलं, दगडावर पसरलेले ओचे आठवले. सतराच्या सतरा पुस्तकं पानापानाने आठवली. पाच वर्षांत वाचलेल्या बाकीच्या पुस्तकांची तिला धड नावंही सांगता आली नसती.

वसंतात एक पार्सल आलं. आत हाताने शिवलेली कोरी वही होती. पानापानाला कण्याशी पट्टी होती. टाके एका सरळ रेषेत नव्हते, पण घट्ट होते. तिने वही उघडली. पहिल्या पानावर उठावाचा एक गुलाब चिकटवलेला होता. जरा तिरका होता, खळ बाजूने आलेली होती, आणि डावीकडची खालची पाकळी दुमडलेली होती.

सोबत मुलीच्या हातची चिठ्ठी होती. आजींनी सांगितलेलं तिने लिहून घेतलं होतं. 'अल्बममधून हा गुलाब आपसूक सुटून आला, मी कात्री लावलेली नाही. पहिलं पान मी बिघडवून ठेवलं आहे. आता तू दुसऱ्यापासून सुरुवात कर.'

तिने त्याच संध्याकाळी मैदा शिजवायला ठेवला.

आपल्या सगळ्यांच्या घरी असा एक डबा असतो. कोणाच्या डब्यात जर असते, कोणाच्या डब्यात वाचलेलं असतं, कोणाच्या डब्यात शिकलेली विद्या. चांगल्या दिवसासाठी म्हणून आपण ते जपून ठेवतो, आणि जर तर घडीतच काळी पडत जाते. त्या बाईचा काठ मात्र वाचला, कारण तो कापला गेला. डब्यात ठेवलेलं आपलं राहतं, पण उरत नाही. दुसऱ्याच्या बोटांना लागलेलं उरतं.