लायनर

"आपला ट्रॅक्टर तेल प्यायला लागलाय," असं दादाने फोनवर सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, "मग काय चहा पिणार?" दादा गप्प बसला. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ मला लहानपणापासून कळतो. पुढच्या वाक्यात पैसे असतात.

ट्रॅक्टर अण्णांनी १९७५ साली घेतलेला. एच.एम.टी. २५११. पिंजोरच्या कारखान्यात १९७१ पासून हे ट्रॅक्टर झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या बनावटीवर होऊ लागले. २०१६ साली सरकारने तो ट्रॅक्टरचा उद्योगच गुंडाळायचं ठरवलं. दोन सिलिंडर, पंचवीस हॉर्सपॉवर आणि आवाज असा की पांदीत घुसला की लोक न बघता म्हणत, अण्णा आले. अण्णा जाऊन वीस वर्षं झाली, तरी अजून तेच म्हणतात.

मी गावी पोचलो तेव्हा मिस्त्रीने हेड उतरवून ठेवलं होतं. वाकून पाहिलं तर सिलिंडर आतून आरशासारखा चकाकत होता. मी कौतुकाने म्हणालो, "वाटत नाही हो पन्नास वर्षांचं!" तापाने लाल झालेल्या पोराला 'काय तेज आलंय' म्हणणाऱ्या पाहुण्याकडे बघावं, तसं मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं.

"साहेब, चकाकी हाच रोग. नव्या लायनरला आतून बारीक तिरक्या चरा असतात, त्यांत तेल धरून राहतं. ह्याच्या चरा गेल्या. आता तेल ठरत नाही, वर जाऊन जळतं आणि निळा धूर होतो."

लायनर म्हणजे ब्लॉकमध्ये बसवलेली ओतीव लोखंडाची नळी. कोणी तिला स्लीव्ह म्हणतात. पिस्टन तिच्यात वरखाली करतो आणि तिच्या बाहेरून थंड करणारं पाणी खेळतं. पाणी खाली तेलात उतरू नये म्हणून तळाशी रबरी रिंगा. वरचा काठ ब्लॉकच्या पातळीपेक्षा केसभर उंच ठेवतात. तिला मिळणारा मान तेवढाच, आणि तोही हेडला तिचा काठ घट्ट दाबता यावा म्हणून.

पुलर लावून मिस्त्रीने एक लायनर उपसला. आतून रिंगांनी घासलेला होता, ते ठीक. पण बाहेरून एका अंगाला बारीक खड्डे. "हे बुडबुड्यांनी. लायनर थरथरतो, त्याच्याभोवती पाण्यात बुडबुडे होतात. ते फुटताना लोखंड खातात." मग हात पुसत म्हणाला, "लायनर असतोच झिजायला, साहेब. तो झिजतो म्हणून ब्लॉक राहतो. नंबर ब्लॉकवर असतो ना."

हे ऐकून मी विचारात पडलो. पुण्याचा माणूस गावी गेला की त्याला दुसरं काम नसतं. आस म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का, असं 'मिलिंदप्रश्ना'त नागसेन भिक्षू राजाला विचारतो, आणि मग रथ आहे तरी कुठे, म्हणून त्याला अडवतो. नागसेनाच्या काळी आर.टी.ओ. नव्हतं. आज आर.सी. बुक उघडायचं, इंजिन नंबर बघायचा, प्रश्न मिटला. लायनर दहादा बदला, ट्रॅक्टर अण्णांचाच.

पण मग आमच्या घराचा नंबर कशावर ठोकलाय? सातबाऱ्यावर पूर्वी अण्णा होते. आता दादा आहे आणि मी आहे. बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. आम्ही त्यांना साड्या घेतल्या. मी चाळीस वर्षांत ह्या शेतातलं एक ढेकूळ उचललेलं नाही. मी ब्लॉकचा भाग. आणि वहिनी, जी पहाटे चारला उठून धारा काढते, मजुरांमागे शेतात जाते, अण्णांचं शेवटचं दीड वर्षाचं अंथरूण जिने काढलं, तिचा नंबर कुठेच नाही. कंपनी निदान प्रामाणिक असते. हा भाग झिजणार, हे ती पार्टच्या यादीत छापते आणि किंमत लिहिते. आम्ही ह्याला घरंदाजपणा म्हणतो.

नवे लायनर बसले. रबरी रिंगांना साबणाचं पाणी लावून मिस्त्रीने ते अलगद दाबले. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली.

"एक लक्षात ठेवा," मिस्त्री दादाला सांगत होता, "नव्या लायनरला सुरुवातीला जपायचं. एकदम नांगराला नाही जुंपायचं. हलकी कामं द्यायची, रुळू द्यायचं."

"लायनरचं बरं आहे," वहिनी कपात चहा ओतत म्हणाली.

दादा हसला. मीही हसलो, पण जरा उशिरा.

रात्री ओसरीवर मी विषय काढला. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, बायकोच्या नावावर जमीन करण्याची. तेव्हा अण्णांनी त्या सभेला ट्रॅक्टरने माणसं नेली होती. माणसं नेली, भाषण ऐकलं आणि परत आले. मी म्हटलं, "दादा, वहिनीचं नाव लावू या. माझ्यातलं काढून लाव हवं तर."

दादा बराच वेळ गप्प. ह्या वेळी पुढच्या वाक्यात पैसे नव्हते.

"तिला विचारलंस?" तो म्हणाला.

विचारलं नव्हतं. ती आत भांडी घासत होती.