ज्याचे स्नान झाले आहे त्याचे पाय



नवा जन्म पावलेल्या मनुष्याच्या हातून पुन्हा पाप घडू शकते काय? हा प्रश्न रविवारच्या शाळेत मुले उघड विचारतात आणि मोठी माणसे मनात ठेवतात. एखादा भाऊ रागाच्या भरात बायकोवर हात उगारतो, कोणी दुकानाच्या हिशेबात खोटे लिहितो, आणि पुढच्या प्रभुभोजनाला तो मंदिरात येतच नाही. आपला नवा जन्म झालाच नसावा, असे त्याला वाटू लागते. सैतानाला तेवढे पुरते.

योहानाच्या पहिल्या पत्रात दोन गोष्टी आहेत. आपल्या ठायी पाप नाही असे म्हणणारा स्वतःला फसवतो (१:८). आणि देवापासून जन्मलेला पाप करीत नाही (३:९). ह्यांत विरोध नाही. दुसऱ्या ठिकाणी मूळ ग्रीक क्रियापद चालू राहणारी क्रिया दाखवते. देवाचे लेकरू पापात पडते, पण तेथे बिऱ्हाड करीत नाही.

आम्हां उज्जैनकरांना ह्याचा दृष्टांत घाटावरच मिळतो. क्षिप्रा उन्हाळ्यात कोरडी पडू लागली, तेव्हा २०१४ साली नर्मदेचे पाणी पंपांनी चढवून तिच्या उगमापाशी सोडण्यात आले. २०१६ च्या सिंहस्थात घाटांना ह्याच पाण्याचा आधार होता. पाणी नवे, बाहेरून दिलेले. पात्र मात्र जुनेच. इंदूरचे सांडपाणी घेऊन येणारी खान नदी त्रिवेणीपाशी क्षिप्रेला मिळते. त्या सिंहस्थापूर्वी तिला नळातून वळवले, तरी पावसाळ्यात ती बांध ओलांडून आत शिरते. म्हणून नर्मदा आलीच नाही असे कोणी म्हणत नाही, आणि खानकडे आता पाहायला नको असेही कोणी म्हणत नाही. (दृष्टांत फार ताणू नये. नदीला पश्चात्ताप होत नाही.)

पेत्राकडे पाहा. पवित्र आत्मा पावलेला, हजारोंना उपदेश केलेला हा प्रेषित अंत्युखियात लोकांच्या भीतीने परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला, आणि पौलाला त्याला तोंडावर दोष द्यावा लागला (गलती २:११-१४). आमच्या मंडळ्यांत सोयरीक जुळवताना हळूच पूर्वीची जात विचारली जाते, ते पेत्राचेच पाप होय. आम्ही त्याला पाप म्हणत नाही, रीत म्हणतो. म्हणून ते कबूलही होत नाही.

केडगावच्या मुक्ति सदनात १९०५ च्या जूनमध्ये संजीवन झाले. पंडिता रमाबाई योहानाचा ८ वा अध्याय शिकवीत असता मुली रडून पापे कबूल करू लागल्या. ह्या मुली प्रभूचे नाव नव्याने ऐकत नव्हत्या. ते त्यांच्या रोजच्या प्रार्थनेत होते. स्वतः रमाबाईंनीही १८८३ साली बाप्तिस्मा घेतल्यावर कित्येक वर्षांनी, आपणास धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी साक्ष दिली. तेव्हा बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर विसंबून पापाला हलके समजणाऱ्याने आपला पाया अवश्य तपासावा. पण जो पडल्याबद्दल तळमळतो, त्याला आम्ही वेगळे सांगू.

त्याला योहान १३:१० वाचून दाखवावे. ज्याचे स्नान झाले आहे त्याला पायांखेरीज काही धुण्याची गरज नाही, असे प्रभू पेत्राला सांगतो. घरातून नाहून निघालेल्या माणसाचे पाय वाटेत मळतात. परतल्यावर तो पाय धुतो, पुन्हा नाहत नाही. नवा जन्म एकदाच. पाय मात्र रोज धुवायचे, आणि तेही प्रभूच्या हातून.

येथे एक गोष्ट राहून जाते. देवापुढे कबुली दिली म्हणजे बायकोचे देणे फिटत नाही. तिची क्षमा तिच्यापुढेच मागावी लागते, आणि क्षमा केव्हा करावी हे तिने ठरवायचे. मंडळीने तिच्यावर घाई करू नये. खोटा हिशेब दुरुस्त करून ज्याचे पैसे त्याला द्यावे लागतात. जक्कयाने चौपट दिले.

आणि जो भाऊ दोन प्रभुभोजनांना आला नाही, त्याच्या घरी वडिलांपैकी कोणीतरी ह्याच आठवड्यात जावे. चौकशीला नव्हे, त्याच्याजवळ बसायला, आणि त्याची बायको काय म्हणते तेही ऐकायला.