एकसष्टावे मूल

छावणीचा आठवडी बाजार गुरुवारी भरतो. अशाच एका गुरुवारी आम्ही दोघे भाजी घेत असताना मोहल्ल्यातली एक शेजारीण भेटली. ती घरी शिवणकाम करते, तिचा नवरा रिक्षा चालवतो. तिच्या दोन मुली आणि आमची थोरली एकाच सरकारी शाळेत होत्या. त्या जूनमध्ये आम्ही थोरलीला तिथून काढून खासगी इंग्रजी शाळेत घातले होते. शेजारणीने मुलीची खुशाली विचारली, फी किती पडते ते विचारले आणि मग म्हणाली, "भाभी, तुमने तो बेटी को उधर डाले. कल को ये इस्कूल बंद हुई तो हमारी किधर जाएंगी?"

ती रागावून बोलली असती तर आम्ही वाद घातला असता. ती साधेपणाने विचारत होती आणि आमच्यापाशी उत्तर नव्हते.

मुलीला का काढले, याची कारणे आमच्याकडे होती. दोन वर्ग एका खोलीत बसत. गुरुजी कधी निवडणुकीच्या यादीत, कधी सर्वेक्षणात अडकलेले. तिसरी संपत आली तरी मुलीला सलग परिच्छेद वाचता येत नव्हता. अशा वेळी आईबाप काय करतात? पोटाला चिमटा काढतात आणि फी भरतात. यात गुन्हा नाही, असे आम्हाला तेव्हाही वाटत होते, आजही वाटते.

तरीही अपराधी वाटत होते, कारण आम्ही स्वतः सरकारी शाळेतून आलो. आमच्या आजोबांची तालीम निजामाच्या राज्यात उर्दूतून झाली. १९४८ नंतर हैदराबाद संस्थान गेले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि कचेरीची भाषा बदलली. आजोबांना अर्जसुद्धा दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागे. त्या अनुभवातून अब्बांनी आम्हाला मराठी सरकारी शाळेत घातले. त्या शाळेने आम्हाला मराठी दिली. बाकावर शेजारी कधी फौजी हवालदाराचा मुलगा असे, कधी दलित वस्तीतला, कधी आमच्याच गल्लीतल्या कसायाचा. आज या अंकासाठी आम्ही मराठीत लिहू शकतो, ते त्या फुकटच्या शाळेमुळे.

'खासगी' हा शब्दही आपण फार सैल वापरतो. छावणीपासून जवळच नागसेनवनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये महाविद्यालय काढले, तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. शहरात डॉ. रफिक झकेरियांच्या प्रयत्नांतून १९६३ मध्ये मौलाना आझाद कॉलेज उभे राहिले. दोन्ही संस्थांची स्थापना सरकारने केली नव्हती. मात्र ज्यांच्यापर्यंत शिक्षण पोचले नव्हते त्यांच्यासाठी त्या निघाल्या. तेव्हा शाळा कोणाची, यापेक्षा तिचे दार कोणासाठी उघडे आहे, हे आधी पाहायला हवे.

शेजारणीच्या मुलींना ते दार उघडे होते का? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी ठेवल्या. पण अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या कायद्यातून वगळले. मिशनऱ्यांच्या नामांकित शाळा त्यात आल्या, तशा आपल्या संस्थाही आल्या. अल्पसंख्याकांचा हक्क आपल्याला प्यारा आहेच. त्या हक्काच्या आडून आपल्याच गरिबांना दार बंद होत असेल, तर ते कोणी बोलायचे? पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या पंचवीस टक्क्यांतून सूट मिळाली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. पण त्यामागचा विचार लक्षात ठेवण्यासारखा आहे. गरिबाला जवळ सरकारी शाळा आहे, ती त्याला पुरे, असाच त्याचा अर्थ होतो. आणि ती शाळा आपण सोडत चाललो आहोत.

आता थोडा हिशेब. त्याच कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी शिक्षकसंख्या दिली आहे. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वद मुलांना तीन. म्हणजे एकसष्टावे मूल शाळेत आले की तिसऱ्या शिक्षकाचा हक्क तयार होतो. ते मूल गेले की तो हक्क जातो. मग दोन गुरुजी पाच वर्ग सांभाळतात, वाचन मागे पडते आणि ज्याला परवडते तो आणखी एक बाप आपले मूल काढतो. आम्ही ज्या कारणाने मुलीला काढले, ते कारण तिला काढून आम्ही थोडे वाढवलेच होते. आमची मुलगी नेमकी एकसष्टावी होती की नाही, कोण जाणे. पण प्रत्येक शाळेत कोणीतरी एकसष्टावे असतेच, आणि त्याच्या आईबापांना ते कधी कळत नाही.

मग सर्वांनी सक्तीने सरकारी शाळेतच मुले घालावीत का? ऑगस्ट २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या सरकारी नोकरांच्या व लोकप्रतिनिधींच्या मुलांबद्दल जवळपास तसाच आदेश दिला होता. साहेबाचे मूल बाकावर बसले की गळके छप्पर लवकर दुरुस्त होते, हा त्यातला तर्क खोटा नाही. पण पट टिकवण्यासाठी मूल ओलीस ठेवायचे, हे आमच्या मनाला पटत नाही. मुलीची तिसरी पुन्हा येणार नाही. आईबापांच्या तत्त्वांची किंमत तिने का भरावी?

या पेचात आम्हाला घरात लहानपणापासून ऐकलेला एक भेद उपयोगी पडला. फर्ज दोन प्रकारचे. फर्ज-ए-ऐन ज्याचे त्याने पाळायचे. फर्ज-ए-किफाया साऱ्या वस्तीवर असते. जनाज्याची नमाज काहींनी अदा केली तर सगळे मोकळे, कोणीच केली नाही तर सगळे गुन्हेगार. आपल्या मुलीला शिकवणे हे आमचे स्वतःचे फर्ज. मोहल्ल्यात चांगली शाळा जिवंत ठेवणे हे, आमच्या समजुतीप्रमाणे, किफाया. पहिले पार पाडले म्हणून दुसरे सुटत नाही. सीरतच्या ग्रंथांत बद्रच्या लढाईनंतरची हकीकत आहे. ज्या कैद्यांना लिहिता-वाचता येत होते, त्यांची खंडणी मदीनेच्या मुलांना शिकवण्याच्या मोबदल्यात माफ झाली. शिकवणारे कालचे शत्रू होते. आणि शिकली ती वस्तीची मुले, फक्त सरदारांची नव्हेत.

आम्ही चुकलो ते फी भरण्यात नव्हे. फी भरल्यावर जुन्या शाळेशी आपला संबंध संपला असे आम्ही मानले, तिथे चुकलो. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले की सहा ते चौदा वयाची आपली चौथा हिस्सा मुले एक तर शाळेत गेलीच नाहीत किंवा मधूनच गळाली. मदरशांत जाणारी मुले तर शंभरात तीन-चारच. म्हणजे आपली बहुतेक मुले साध्या शाळांच्याच भरवशावर आहेत.

बाहेरून वह्या वाटणे सोपे आहे. पण शाळेच्या व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश जागा पालकांच्या असतात, निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. ज्याचे मूल शाळेत नाही, त्याला पालक म्हणून तिथे बसता येत नाही. मूल काढले की आवाजही गेला.

यंदा धाकटीला पहिलीत घालायचे आहे. आम्ही दोघे बरेच दिवस बोललो. शेवटी ठरले की तिला मोहल्ल्याच्या शाळेत घालायचे, रोज संध्याकाळी घरी वाचून घ्यायचे आणि समितीसाठी आमच्या बेगमने नाव द्यायचे. दुसरीच्या अखेरीस ती वाचू लागली नाही, तर तिलाही काढू. हे शेजारणीलाही सांगितले आहे. ती म्हणाली, "दो साल तो मिले ना. मैं भी आती कमेटी में."

थोरली तिच्या शाळेतच राहील. धाकटी पटावर कितवी येईल, ते जूनमध्ये कळेल.