वेगळे पेपर, एकच यादी



बारावीची परीक्षा आटोपली की आपल्या घरांत दुसऱ्या परीक्षेची धावपळ सुरू होते. कुणी इंजिनीयरिंगसाठी, कुणी फार्मसीसाठी एमएचटी-सीईटी देतो, कुणी जेईई मेन देतो. निकाल लागला की रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात एक तक्रार हमखास ऐकू येते. 'उत्तरतालिका पाहून आम्ही मार्क मोजले. शेजारच्या मुलीपेक्षा आमच्या मुलाला आठ मार्क जास्त आहेत, तरी पर्सेंटाइल तिचे जास्त. हा कुठला न्याय?' तक्रार करणारे आईवडील खोटे बोलत नसतात. मुलाने दोन वर्षे घासलेली असतात, क्लासच्या फीसाठी घरात काटकसर झालेली असते. म्हणून हा प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही. त्यात हिशोबाचा भाग थोडा आहे आणि न्यायाचा भाग मोठा आहे, असे आम्हांला वाटते.

आधी हिशोब समजून घेऊ. २०१८ पर्यंत एमएचटी-सीईटी कागदावर आणि राज्यभर एकाच दिवशी होत असे. २०१९ पासून ती संगणकावर होऊ लागली. लाखो मुलांना एकाच वेळी बसवता येईल इतके संगणक आणि इतकी केंद्रे मिळत नाहीत, म्हणून परीक्षा अनेक दिवस, सकाळ-दुपार अशा सत्रांत घेतली जाते. जेईई मेनचेही असेच आहे. सकाळचे प्रश्न दुपारपर्यंत सर्वांच्या तोंडी झालेले असतात, त्यामुळे प्रत्येक सत्राला नवी प्रश्नपत्रिका काढावी लागते. काढणाऱ्यांनी कितीही काळजी घेतली तरी दोन प्रश्नपत्रिका अगदी सारख्या अवघड होत नाहीत. एका सत्रात गणित सोपे येते, दुसऱ्यात भौतिकशास्त्र घाम काढते. प्रवेशाची यादी मात्र सर्वांची मिळून एकच लावायची असते. त्यासाठी जे केले जाते त्याला नॉर्मलायझेशन, म्हणजे गुणांचे समानीकरण, म्हणतात.

या दोन्ही परीक्षांची रीत सरळ आहे. आपल्या सत्रात आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी मार्क मिळवणारे किती जण आहेत ते मोजायचे, त्या संख्येला सत्रातील एकूण परीक्षार्थींच्या संख्येने भागायचे आणि शंभराने गुणायचे. समजा, सोप्या पेपरच्या सत्रात १०,००० मुले बसली. एका मुलाला २०० पैकी १३२ मार्क मिळाले आणि त्याच्याइतके किंवा त्याच्याहून कमी मार्क मिळवणारे ९,४०० निघाले. त्याचे पर्सेंटाइल ९४. अवघड पेपरच्या सत्रात १२,००० मुले बसली. एका मुलीला १२४ मार्क मिळाले, पण तिच्याइतके किंवा कमी मार्क मिळवणारे ११,३४० निघाले. तिचे पर्सेंटाइल ९४.५. आठ मार्क कमी असूनही ती यादीत पुढे. प्रत्येक सत्रात जो पहिला येतो त्याला १०० पर्सेंटाइल मिळते, मग त्याचे मार्क १९८ असोत वा १८५. बरोबरीत अडकणारी मुले कमी व्हावीत म्हणून हा आकडा दशांश चिन्हापुढे सात स्थळांपर्यंत काढतात. तेव्हा ९४ पर्सेंटाइल म्हणजे ९४ टक्के नव्हे. पर्सेंटाइलवरून मुलाला किती येते हे कळत नाही, रांगेत तो कुठे उभा आहे एवढेच कळते.

शिशाची पट्टी

मग त्या मुलावर अन्याय झाला का? आपल्याला वाटते की मार्क ही मुलाची स्वतःची कमाई आहे आणि कुणीतरी मधे येऊन त्यात ढवळाढवळ केली. पण मार्क एकट्या मुलाच्या हुशारीने ठरत नाहीत, समोर आलेल्या प्रश्नपत्रिकेनेही ठरतात. पूर्वी एका गावची पायली मोठी आणि दुसऱ्या गावची लहान असायची. भात किती पायल्या झाले एवढेच ऐकून कुणाचे शेत जास्त पिकले हे कुणी सांगत नसे. आधी पायली कुठली हे विचारावे लागे. १३२ आणि १२४ हे आकडे दोन वेगळ्या पायल्यांनी मोजलेले आहेत. ते तसेच शेजारी शेजारी ठेवले तर अवघड पेपर आलेल्या मुलीवर अन्याय होईल, आणि तिने तर सत्र स्वतः निवडलेलेही नव्हते.

ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने आपल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथात लेस्बॉसच्या बांधकामातल्या शिशाच्या पट्टीचे उदाहरण दिले आहे. लोखंडी पट्टी वाकत नाही. दगड ओबडधोबड असला तर ती त्याचे माप घेऊ शकत नाही. शिशाची पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते. नियम सर्वांसाठी सारखाच केलेला असतो, पण एखाद्या प्रसंगी तो जसाच्या तसा लावला तर अन्याय होतो. अशा वेळी नियम वाकवून खरा न्याय करणे ही नियमाहून वरची गोष्ट आहे, असे त्याचे म्हणणे होते. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार पुढे नेला आणि अशा समजूतदार न्यायाला सद्गुणांत स्थान दिले. नॉर्मलायझेशनचा हेतू पाहिला तर तो याच जातीचा आहे. सर्वांना सारखे वागवायचे म्हणजे सर्वांना एकच आकडा लावायचा असे नाही.

पट्टी कुठे चुकते

परंतु हेतू चांगला म्हणून पट्टी बरोबर, असेही होत नाही. हे सूत्र एका गृहीतावर उभे आहे. ते म्हणजे, दोन्ही सत्रांत बसलेली मुले एकंदरीने सारख्याच तयारीची आहेत. मुले चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटली गेली आणि प्रत्येक सत्रात हजारो मुले असली तर हे गृहीत बहुतांशी खरे ठरते. सत्र लहान असले, किंवा काही कारणाने एका सत्रात चांगल्या तयारीची मुले जास्त आली, तर ते लंगडे पडते. अशा सत्रात साधारण मुलगा उगाच मागे ढकलला जातो आणि त्याला ते कधी कळतही नाही.

२००८ साली आपल्या राज्य शासनाने अकरावीच्या प्रवेशासाठी वेगवेगळ्या शिक्षण मंडळांचे गुण पर्सेंटाइलच्या सूत्राने एका पातळीवर आणण्याचे ठरवले होते. मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. आमच्या मते तिथे मूळ अडचण हीच होती की मंडळे चिठ्ठ्या टाकून वाटलेली नसतात. कोण कुठल्या मंडळाच्या शाळेत जातो हे घर, पैसा आणि पत्ता ठरवतो.

अलीकडेही हा वाद पेटला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रयागराज येथे उत्तर प्रदेश लोकसेवा आयोगाच्या कार्यालयासमोर परीक्षार्थी आंदोलनाला बसले. पूर्वपरीक्षा दोन दिवसांत घेऊन गुणांचे समानीकरण नको, परीक्षा एकाच दिवशी घ्या, ही त्यांची मागणी होती. पीसीएसच्या पूर्वपरीक्षेपुरती ती आयोगाला मान्य करावी लागली. वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाची नीट-पीजी २०२४ साली दोन सत्रांत झाली होती. ३० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती एकाच सत्रात घेण्याचा आदेश दिला. दोन प्रश्नपत्रिका सारख्याच कठीण आहेत असे कधीच म्हणता येत नाही, आणि समानीकरण ही नाइलाजाची गोष्ट आहे, नेहमीची सवय होऊ नये, असा त्या आदेशाचा आशय होता. त्यानुसार ३ ऑगस्ट २०२५ रोजी ती परीक्षा एका सत्रात पार पडली.

मग सर्वच परीक्षा एका दिवशी घ्याव्यात का? जमेल तिथे जरूर घ्याव्यात. पण त्यालाही किंमत आहे. २०२४ ची नीट-यूजी एकाच दिवशी, कागदावर झाली आणि २३ लाखांहून अधिक मुलांनी ती दिली. त्या वर्षी पेपरफुटीचे प्रकरण देशभर गाजले. शिवाय काही केंद्रांवर वेळ वाया गेला म्हणून १,५६३ मुलांना वाढीव गुण दिले गेले, त्यावर गदारोळ झाला, ते गुण मागे घ्यावे लागले आणि २३ जूनला त्यांच्यासाठी फेरपरीक्षा घेण्यात आली. म्हणजे एकच पेपर ठेवला तरी कुठेतरी समानीकरण करावेच लागले, आणि तेही घाईत. आम्हांला वाटते, पद्धत कोणतीही असो, ती परीक्षेआधी सर्वांना सांगितलेली असावी, ती तपासता यावी आणि चूक झाली तर दाद मागता यावी. एवढे असले की निकाल मनासारखा नसला तरी मूल तो स्वीकारू शकते.

दाद मागण्याचे महत्त्व आपण आपल्याच राज्यात पाहिले. २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या सत्रात एमएचटी-सीईटीच्या इंग्रजीतील गणिताच्या पेपरमध्ये २१ प्रश्नांचे पर्याय चुकीचे आले. मुलांनी आणि पालकांनी तक्रारी केल्या. शेवटी त्या सत्रातील मुलांसाठी ५ मे रोजी फेरपरीक्षा झाली. 'सगळे आधीच ठरलेले असते' असे म्हणणारे घरी बसले, आणि 'देवाची इच्छा' म्हणून गप्प राहणारेही घरी बसले. ज्यांनी प्रश्न क्रमांकासह आक्षेप नोंदवला त्यांच्यामुळे सर्वांचे भले झाले. अन्याय वाटला तर पुरावा गोळा करून तो योग्य ठिकाणी मांडावा, हे आपल्या मुलांना शिकवायला हवे.

सूत्रात न येणारे

आता थोडे आपल्याकडे वळू. कच्चे मार्क सर्वांना चांगले मिळू शकतात. एखाद्या वर्षी सगळा वर्ग शंभरपैकी नव्वद आणू शकतो. पर्सेंटाइलचे तसे नाही. ते तुलनेनेच बनते. राज्यातील सर्व मुलांनी दुप्पट अभ्यास केला तरी जवळजवळ निम्मी मुले ५० च्या खालीच राहणार. परीक्षेच्या दिवसांत मुलांसाठी मिस्साचे हेतू मोठ्या संख्येने येतात आणि यावेतच. पण 'माझ्या मुलाला ९९ पर्सेंटाइल मिळू दे' असे मागताना, शंभरांतील नव्याण्णव मुले त्याच्या पुढे जाऊ नयेत असेही आपण नकळत मागत असतो. त्या नव्याण्णवांत आपल्याच वाडीतली, आपल्याच चर्चमधली मुले असतात. मुलाचे मन शांत राहू दे, केलेला अभ्यास त्याला आठवू दे, तब्येत सांभाळ आणि मिळेल त्यातून वाट दाखव, ही प्रार्थना कुणाच्याही मुलाच्या आड येत नाही.

आणखी एक गोष्ट सूत्रात येत नाही. सूत्र दोन पेपरांतला फरक मिटवते, दोन घरांतला नाही. एक मुलगा वातानुकूलित खोलीत अभ्यास करतो, दुसरा पहाटे वाडीत पाणी लावून मग लोकलने क्लासला जातो. एका मुलीच्या घरी दादा इंजिनीयर आहे, दुसरीची आई मासळी विकून रात्री दमून येते आणि मुलीच्या अर्जात काय भरायचे हे घरात कुणालाच ठाऊक नसते. मंदिरातील दानपेटीत दोन नाणी टाकणाऱ्या विधवेचे दान प्रभू येशूने तिच्याजवळ काय होते ते पाहून मोजले. परीक्षेला असे मोजता येत नाही. संगणकाने घराघरांत डोकावून मार्क वाढवावेत असे आम्ही म्हणत नाही. तसे झाले तर वशिल्याला दार उघडेल. आरक्षण आणि शिष्यवृत्त्या यांतून शासन आपल्या परीने काही भरपाई करते. परंतु शेजाऱ्याच्या घरातील अडचण शासनाआधी आपल्याला दिसते. तिथे मोजमाप आपणच करायचे आहे.

म्हणून काही साध्या सूचना कराव्याशा वाटतात. निकालानंतर दोन मुलांचे कच्चे मार्क आवारात उभे राहून ताडून पाहू नयेत. सत्र वेगळे असेल तर त्या तुलनेला अर्थच नाही. धर्मग्रामाच्या गुणगौरव सोहळ्यात पर्सेंटाइलला टक्के म्हणून जाहीर करू नये. तिथे ९९ वाल्यांचे कौतुक जरूर व्हावे, पण घरचे काम सांभाळून पास झालेल्या मुलालाही व्यासपीठावर बोलवावे आणि त्याने काय केले ते चार वाक्यांत सांगावे. ज्यांची मुले या वाटेने गेली आहेत त्यांनी कॅप राउंडच्या दिवसांत एखादी संध्याकाळ चर्चच्या हॉलमध्ये बसून इतरांचे अर्ज भरून द्यावेत. कॉलेजांचा पसंतीक्रम चुकल्यामुळे हातची जागा गेलेली मुले दरवर्षी असतात, आणि ही चूक समजावून सांगणारा कुणी शेजारी बसला असता तर टळली असती.