विजयानंतरचे तीन पर्याय

‘मिडिव्हल टू : टोटल वॉर’ हा संगणकावरचा खेळ २००६ साली आला आणि आजही चवीनं खेळला जातो. मध्ययुगीन युरोपातलं एखादं राज्य हाती घ्यायचं, १०८० पासून १५३० पर्यंत ते वाढवत न्यायचं आणि लढाईची वेळ आली की फौज स्वतः हलवायची. पडद्याच्या तळाशी प्रत्येक तुकडीचं चित्र असतं आणि त्यावर आकडा : किती माणसं उरली. भालाईत समोर उभे करावेत, त्यांनी शत्रूला थोपवून धरलं की घोडदळ वळसा घालून पाठीवर सोडावं. इंग्रज तिरंदाज लढाईआधी जमिनीत अणकुचीदार खुंट रोवतात. भरधाव आलेला सरदार घोड्यासकट त्यांवर आदळतो. संख्याबळापेक्षा मनोबल मोठं, हेही नवख्याला लवकरच कळतं. कुशीवर मार बसला, सेनापती पडला, की धडधाकट तुकडीसुद्धा पाठ दाखवून पळत सुटते.

या मोजदादीबद्दल खेळाला दोष देणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. ज्याच्यावर फौजेची जबाबदारी आहे त्याला मोजावंच लागतं. महाभारतही मोजतं : एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ. कौरवांकडे अशा अकरा, पांडवांकडे सात. चतुरंग सेनेच्या याच चार अंगांवरून पुढे पटावरचा खेळ बेतला गेला आणि प्रवास करत युरोपात पोचून तिथला ‘चेस’ झाला. पटावरचं प्यादं मेलं म्हणून कोणी हळहळत नाही, आणि त्यात गैर काहीच नाही. लाकडाच्या प्याद्याला जीव नसतो, तसा पडद्यावरच्या भालाइतालाही नसतो.

प्रश्न सुरू होतो तो लढाई संपल्यावर.

पळणाऱ्या शत्रूंपैकी जे हाती लागतात ते कैदी होतात. मग विजेत्यापुढे तीन पर्याय येतात : सोडून द्या, खंडणी मागा, ठार मारा. एकच निवडायचा. सोडून दिलं तर सेनापतीची ‘शिव्हलरी’, म्हणजे वीरधर्माची पुण्याई, वाढते. मारलं तर ‘ड्रेड’, म्हणजे दहशत, वाढते. शिव्हलरीवाल्याच्या हाताखालचे सैनिक अधिक हिमतीनं लढतात. दहशतवाल्यासमोर शत्रूचं काळीज आधीच खचलेलं असतं. दोन्ही वाटा किफायतीच्या आहेत. खेळणारा आपल्या मोहिमेला काय परवडतं ते पाहतो आणि निवड करतो.

हा प्रसंग मध्ययुगानं प्रत्यक्ष पाहिला आहे. २५ ऑक्टोबर १४१५ रोजी आजँकूरच्या चिखलात इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीनं आपल्याहून मोठ्या फ्रेंच फौजेचा पराभव केला. फ्रेंच सरदार शेकड्यांनी कैद झाले होते. तेवढ्यात पुन्हा हल्ला होणार अशी भीती पसरली आणि हेन्रीनं कैद्यांना मारायचा हुकूम सोडला. त्या काळच्या इतिवृत्तांत नोंद आहे की ज्यांनी कैदी धरले होते ते तयार होईनात, कारण प्रत्येक कैदी म्हणजे खंडणीची रक्कम. तेव्हा राजाला या कामासाठी दोनशे तिरंदाज नेमावे लागले. काही बडे कैदी वाचले. त्यांच्यातला ऑर्लेआंचा ड्यूक शार्ल पुढची पंचवीस वर्षं इंग्लंडात बंदिवान राहिला. आजँकूरची लढाई या खेळातही आहे आणि ती मन लावून उभी केलेली आहे. पण तिचा शेवट जय-पराजयाच्या फलकावर होतो. त्या दिवसातला सगळ्यात अवघड तास त्या फलकापलीकडे राहून जातो.

‘खेळच तर आहे’ असं कोणी म्हणेल. बुद्धिबळाला हे उत्तर पुरतं, कारण बुद्धिबळ सदाचाराबद्दल काही बोलत नाही. हा खेळ मात्र बोलतो. त्यात पोप आहे, धर्मयुद्धं आहेत, ख्रिस्ती शेजाऱ्यावर चाल केली तर बहिष्कृत होण्याची धमकी आहे. तो सद्गुणाचं नाव घेतो, त्याला आकडा देतो आणि त्या आकड्याचा लाभही ठरवून देतो. म्हणजे चांगुलपणा कशाला म्हणायचं याविषयी तो एक मत मांडतो : चांगुलपणा हे बळ आहे, भालाइतांसारखंच वापरायचं. कांटनं १७८५ साली नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात दुकानदाराचं उदाहरण दिलं होतं. हा दुकानदार अजाण गिऱ्हाइकालाही फसवत नाही, कारण सचोटीनं धंदा टिकतो. कृती योग्य आहे, पण तिला नैतिक मोल आहे का? कांट म्हणतो, नाही. शिव्हलरीसाठी कैदी सोडणारा सेनापती त्याच दुकानदाराच्या रांगेत बसतो.

मध्ययुगीन माणसाला हे मत पटलं नसतं. १०६६ साली हेस्टिंग्जला नॉर्मंडीचा विल्यम जिंकला आणि इंग्लंडचा राजा झाला. त्यानंतर, १०७० च्या सुमारास, पोपचा दूत म्हणून आलेल्या एर्मेनफ्रीड या बिशपशी जोडलेलं एक प्रायश्चित्तपत्र निघालं. ते हरलेल्यांसाठी नव्हतं. विल्यमच्या, म्हणजे जिंकलेल्या बाजूच्या सैनिकांसाठी होतं. ज्याला आपण माणूस मारला हे ठाऊक आहे, त्यानं प्रत्येक माणसामागे एक वर्ष प्रायश्चित्त घ्यावं. जखमी केलेला जगला की मेला हे माहीत नसेल तर प्रत्येकामागे चाळीस दिवस. आकडाच आठवत नसेल तर उरलेलं आयुष्य आठवड्यातून एक दिवस, किंवा चर्च बांधून भरपाई. तिरंदाजांचा वेगळा विचार केला होता, कारण दुरून सोडलेला बाण कुणाला लागला हे त्यांना कळणं शक्य नव्हतं. त्यांना चाळीस-चाळीस दिवसांचे तीन उपवासकाळ. विल्यमनं रणभूमीवर मठ उभारला. तो ‘बॅटल ॲबी’ म्हणून आजही ओळखला जातो.

इथेही मोजदादच आहे, पण उलट्या दिशेची. खेळातला आकडा राजाला सांगतो की तुझ्याकडे किती उरले. एर्मेनफ्रीडचा आकडा शिपायाला विचारतो की तू किती घेतलेस. आपल्याकडे हीच जाण युधिष्ठिराच्या रूपानं येते. युद्ध जिंकूनही त्याला राज्य नकोसं होतं, आणि व्यास त्याला पापक्षालनासाठी अश्वमेध करायला सांगतात. युद्ध न्याय्य होतं याची खात्री दोन्हीकडे होती. तरीही हात धुवावे लागतील हे दोन्हीकडे मान्य होतं. या दोन परंपरांनी एकमेकींना विचारून हे ठरवलेलं नाही, म्हणून त्यांचं एकमत अधिक वजनदार वाटतं.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनं न्याय्य युद्धासाठी तीन अटी घातल्या : युद्ध पुकारणाऱ्याला तसा अधिकार हवा, कारण न्याय्य हवं आणि हेतू शुद्ध हवा. पहिल्या दोन अटी नियमांत बसवता येतात; पोपचा कौल, सीमेवरची आगळीक, हे सगळं खेळात आहेच. तिसरी बसत नाही. कैदी दयेपोटी सोडले की पुढच्या लढाईत मनोबल वाढावं म्हणून, यंत्राला दोन्ही सारखंच दिसतं. ही निर्मात्यांची हयगय म्हणता येणार नाही, कारण बाहेरून कृती मोजणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेची ही मर्यादा आहे. मात्र तिथे गुण मिळाले म्हणून सद्गुण घडला, असं खेळणाऱ्यानं मानू नये.

घरात कोणी हे खेळ खेळत असेल तर त्याच्याशी हिंसेवरून वाद घालण्यात फारसं हाती लागत नाही. त्याच्या शेजारी बसावं, लढाई संपेपर्यंत थांबावं आणि मग विचारावं : कैद्यांचं काय केलंस, आणि का?